जेट इंजिनाची जमिनीवरची कसोटी

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी सोमाटणे मागे टाकून पाताळगंगेच्या खोऱ्यात येते, तेव्हा आधी रसायनी आणि मग आपटा ही स्थानके लागतात. आपट्याचे स्थानक चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे अनेकांच्या ओळखीचे आहे. त्याच्या अलीकडच्या रसायनीचा संबंध मात्र भारतीय अग्निबाणांशी आहे, हे मुंबईकरांना सहसा ठाऊक नसते. येथील हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स अर्थात एचओसीच्या कारखान्यात नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे रसायन तयार होत असे. ‘इस्रो’च्या ‘विकास’ या द्रवइंधन इंजिनाला ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन त्यातून मिळतो. तोट्यात गेलेले रसायनीतील इतर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७मध्ये घेतला, तेव्हा एवढा एक विभाग वगळण्यात आला आणि तो जमीन व कर्मचाऱ्यांसह ‘इस्रो’कडे सोपविण्याचे ठरले. या रसायनाचे उत्पादन देशात अन्यत्र होत नव्हते, हे त्यामागचे कारण.

हे रसायन आधी खर्ची पडते ते जमिनीवरच. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे ‘विकास’ इंजिन भक्कम चौथऱ्याला जखडून पेटविले जाते आणि त्याच्या नोझलमधून बाहेर पडणाऱ्या झोताचा रेटा मोजला जातो. आकाशात जे घडणार, ते आधी जमिनीवर घडवून पाहण्याची ही रीत अग्निबाणाला लागू आहे, तशीच विमानाच्या जेट इंजिनालाही. फरक एका गोष्टीचा. अग्निबाण ऑक्सिजन पोटात घेऊन निघतो, त्यामुळे त्याच्या इंजिनाला केवळ मागची बाजू असते. जेट इंजिन वाटेतली हवा गिळत जाते. त्याला पुढे तोंड असते, ते म्हणजे इनलेट अथवा हवाप्रवेशमार्ग. आणि मागे नोझल. या दोन टोकांची परीक्षा जमिनीवर घेणे हे इंजिन बनविण्याइतकेच अवघड काम आहे. अग्निबाणाच्या बाबतीत भारताला ते साधले. लढाऊ विमानाच्या इंजिनासाठी मात्र दीर्घकाळ परदेशी वाऱ्या कराव्या लागल्या.

तोंडाचे काम

जेट इंजिनाचे वर्णन करताना पंखे, कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन यांचीच चर्चा होते. इनलेट म्हणजे नुसता बोगदा, असा समज त्यातून होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर येणारी हवा ध्वनीच्या निम्म्या वेगाच्या आसपास असावी लागते. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात असले, तरीही. म्हणजे येणाऱ्या हवेला इनलेटमध्येच वेसण घालायची आणि तिच्या वेगाचे रूपांतर शक्य तितक्या कमी नुकसानीत दाबात करायचे. ध्वनीपेक्षा अधिक वेग असेल, तर हे काम आघाततरंगांच्या मदतीने होते. मिग-२१च्या नाकातला पुढे-मागे सरकणारा शंकू त्यासाठीच होता. ओझरच्या हिंदुस्तान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यात वर्षानुवर्षे ही विमाने तयार झाली. नाशिककरांनी तो शंकू कितीदा तरी पाहिला असेल. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान हवाई दलातून निवृत्त झाले. ओझरलाच जुळणी झालेल्या सुखोई-३० एमकेआयमध्ये शंकूऐवजी हलत्या फळ्यांची योजना आहे.

इनलेट आणि नोझल यांचे महत्त्व किती, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘कॉन्कॉर्ड’चे. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडताना या विमानाला पुढे ढकलणाऱ्या एकूण बलापैकी सुमारे ६३ टक्के वाटा इनलेटमधील दाबाचा आणि २९ टक्के वाटा नोझलचा होता, असा हिशेब नेहमी दिला जातो. प्रत्यक्ष इंजिनाच्या वाट्याला उरतात जेमतेम ८ टक्के. अर्थात इंजिनाने हवा ओढली नाही, तर इनलेटमध्ये दाबही तयार होणार नाही, त्यामुळे या आकड्यांवरून इंजिनाला बिनकामाचे ठरविणे चूक होईल.

इनलेटमधून येणारी हवा पुरेशी असून भागत नाही, ती सारखीही असावी लागते. विमान तीव्र वळण घेते तेव्हा इनलेटच्या एका ओठावरून प्रवाह सुटतो आणि कॉम्प्रेसरच्या एका बाजूला दाब कमी पडतो. प्रत्येक पाते दर फेरीत त्या दुबळ्या पट्ट्यातून जाते. असमानता मर्यादेबाहेर गेली, की कॉम्प्रेसरमधील प्रवाह कोलमडतो, दाबाखालची हवा उलटी पुढे येते आणि तोफ डागल्यासारखा आवाज होतो. यालाच सर्ज म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या एफ-१११ विमानाला या दुखण्याने हैराण केले होते. विमान एकाने आखले, इंजिन दुसऱ्याने बनविले आणि दोन्ही आपापल्या जागी ठीक असूनही त्यांचे एकमेकांशी जमेना. तेव्हापासून इनलेट आणि इंजिन यांच्यामधील सीमारेषेवरच हवा मोजण्याची शिस्त रुजली. त्या जागी साधारणपणे ८ दांड्या चक्राच्या आऱ्यांसारख्या बसवितात. प्रत्येक दांडीवर ५ दाबनळ्या. या ४० ठिकाणांच्या आकड्यांवरून प्रवाहाचा नकाशा तयार होतो. जमिनीवर विमान वळविता येत नाही. म्हणून इंजिनाच्या तोंडापुढे काही भागात दाट, काही भागात विरळ अशी जाळी लावून तोच बिघडलेला प्रवाह मुद्दाम निर्माण केला जातो आणि इंजिन कुठवर सहन करते ते पाहिले जाते.

नव्याने किंवा दुरुस्तीनंतर तपासल्या जाणाऱ्या इंजिनाला बहुधा विमानाचे इनलेट लावलेलेच नसते. त्याच्या जागी घंटेसारखे पसरत गेलेले गुळगुळीत तोंड बसवितात. त्यातून हवा जवळजवळ नुकसान न होता आत येते आणि भिंतीवरचा दाब मोजून ती किती आली हे अचूक कळते. अशा चाचणीत उत्तीर्ण झालेले इंजिन आदर्श हवेवर उत्तीर्ण झालेले असते. विमानाच्या पोटातल्या वळणदार बोगद्यातून येणाऱ्या हवेवर ते कसे वागेल, हे त्या चाचणीला विचारलेलेच नसते.

जमीन जवळ असण्याचाही एक उपद्रव आहे. पावसाळ्यात ओल्या फरसबंदीवर उभ्या असलेल्या विमानाच्या इंजिनाखाली पाण्याचा एक बारीक भोवरा जमिनीपासून थेट इनलेटपर्यंत चढताना दिसतो. नवी मुंबई विमानतळावरून प्रवास करणाऱ्यांनी खिडकीतून लक्ष ठेवल्यास तो त्यांनाही दिसू शकेल. कोरड्या दिवसांत हाच भोवरा अदृश्य असतो आणि खडे, धूळ आत ओढतो. त्यामुळे चाचणीचे इंजिन जमिनीपासून पुरेशा उंचीवर टांगावे लागते. मागून निघालेला तप्त झोत वळून पुन्हा तोंडाशी येणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. कारण इनलेटमध्ये काही अंश जास्त तापलेली हवा शिरली, तरी रेट्याचा आकडा घसरतो.

नोझल आणि हिशेबातला एक टक्का

नोझलचे काम इनलेटच्या नेमके उलट. आत उरलेल्या दाबाचे रूपांतर वेगात करायचे. आतला एकूण दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १.९ पटींवर गेला, की निमुळत्या नोझलच्या तोंडाशी झोत ध्वनीच्या वेगाला पोहोचतो. त्यापुढे दाब कितीही वाढविला, तरी केवळ निमुळते होत जाणारे नोझल त्याचा पुरता उपयोग करू शकत नाही. म्हणून लढाऊ विमानांत आधी अरुंद आणि मग रुंद होणारे नोझल असते. आफ्टरबर्नर पेटविला की वायू तापून फुगतात; त्यांना वाट करून देण्यासाठी नोझलच्या पाकळ्या उघडाव्या लागतात. त्या वेळेवर उघडल्या नाहीत, तर मागचा दाब पुढे कॉम्प्रेसरपर्यंत जाऊन भिडतो. म्हणजे शेपटीतला दोष तोंडात प्रकटतो. सुखोई-३० एमकेआयच्या एएल-३१एफपी इंजिनात तर अख्खे नोझलच कलते. अशा नोझलच्या चाचणीत पुढचा रेटा मोजून भागत नाही, बाजूला जाणारे बलही मोजावे लागते.

नोझलचा दर्जा प्रत्यक्ष रेटा आणि आदर्श रेटा यांच्या गुणोत्तरात सांगतात. चांगले नोझल आदर्शापेक्षा एक-दोन टक्केच कमी पडते. एवढ्याशा फरकासाठी इतका खटाटोप कशाला, असे वाटेल. समजा, उड्डाणात नोझलमधून १०० एकक रेटा मिळतो आहे, आणि समोरून येणारी हवा आत घेताना ६० एकक विरोध होतो आहे. विमानाच्या पदरात पडतात ४०. आता नोझलने एकच टक्का गमावला, तर ४०चे ३९ होतात. नुकसान एक टक्क्याचे नव्हे, अडीच टक्क्यांचे. लांब पल्ल्याच्या प्रवासी विमान कंपनीसाठी हा थेट इंधनाच्या देयकाचा प्रश्न आहे आणि लढाऊ विमानासाठी पल्ल्याचा.

एक टक्का पकडायचा, तर मोजमापातली चूक त्याहून बरीच लहान हवी. येथेच चाचणीकक्षाचा स्वतःचा स्वभाव आड येतो. मोकळ्या मैदानातील चौथरा सर्वांत प्रामाणिक. मात्र वारा पडलेला हवा, पाऊस नको, आणि शेजारी वस्ती असेल तर आवाजामुळे तेही अशक्य. म्हणून विमानतळांजवळ बंदिस्त कक्ष बांधतात. त्यात इंजिन चालू झाले, की मागचा झोत कक्षातली आणखी हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. ती हवा इंजिनाच्या अंगावरून वाहते आणि मापकावर उलट दिशेचे बल नोंदले जाते. परिणामी खरा रेटा जास्त असूनही आकडा कमी दिसतो. त्यासाठी एकच इंजिन आधी मोकळ्या चौथऱ्यावर, मग बंदिस्त कक्षात चालवून दुरुस्तीचा गुणक ठरवितात. प्रत्येक कक्षाचा गुणक वेगळा.

शिवाय आलेले सर्व आकडे १५ अंश सेल्सिअस तापमान आणि १०१३.२५ मिलिबार दाब या ‘प्रमाण दिवसा’वर आणून ठेवावे लागतात. कोकणपट्टीत असा दिवस उजाडला, तर वृत्तपत्रांत थंडीच्या लाटेचे मथळे येतील. पनवेलच्या मे महिन्यातील उष्ण, दमट हवेत घेतलेली चाचणी आणि युरोपातील हिवाळ्यात घेतलेली चाचणी यांची तुलना या रूपांतराशिवाय निरर्थक ठरते.

आभाळ कोंडण्याची खोली

इतके करूनही जमिनीवरचे इंजिन जमिनीवरच असते. ११ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे २२६ मिलिबार, म्हणजे समुद्रसपाटीच्या पावपटीहून कमी असतो आणि तापमान उणे ५६ अंश. तेथे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या इंजिनाच्या तोंडाशी हवा थबकते, तेव्हा ती ११७ अंशांपर्यंत तापते आणि तिचा दाब पावणेदोन हजार मिलिबारच्या घरात जातो. त्याच उंचीवर ध्वनीच्या ०.९ पट वेगाने उडताना मात्र तोंडाशी हवा उणे २१ अंशांची असते आणि दाब ३८० मिलिबार. जमिनीवर हे सर्व घडवायचे तर पुढून हवा कधी तापवून, कधी गोठवून, हव्या त्या दाबाने सोडावी लागते आणि मागून झोताला तितक्याच विरळ दाबात खेचून घ्यावे लागते. ‘कावेरी’सारखे मध्यम आकाराचे इंजिन सेकंदाला सुमारे ७८ किलो हवा गिळते. अडीचशे चौरस फुटांच्या दिवाणखान्यातील सगळी हवा, दर सेकंदाला. ती खेचून बाहेर टाकणारे पंप चालविण्यासाठी लागणारी वीज आणि झोत थंड करण्यासाठी लागणारे पाणी लक्षात घेतले, की अशा सोयी जगात मोजक्याच का आहेत ते कळते. अमेरिकेत टेनेसीतील तुलाहोमा, फ्रान्समध्ये साक्ले, रशियात मॉस्कोजवळ लित्कारिनो ही त्यांतील प्रमुख ठिकाणे. तुलाहोमाच्या केंद्राची सुरुवातच दुसऱ्या महायुद्धानंतर म्युनिकहून उचलून नेलेल्या जर्मन यंत्रसामग्रीवर झाली. ब्रिटनचे पायस्टॉक येथील केंद्र २०००मध्ये बंद पडले. ‘कॉन्कॉर्ड’चे इंजिन तेथे इनलेटसह ध्वनीपेक्षा वेगवान झोतात ठेवून तपासले गेले होते.

‘इनलेटसह’ या शब्दाला येथे अर्थ आहे. उच्च उंचीच्या बहुतेक कक्षांत हवा नळातून थेट इंजिनात सोडतात. इनलेट गृहीत धरलेले असते. त्याचीही परीक्षा घ्यायची, तर इंजिन आणि इनलेट दोन्ही एका मोठ्या, वेगवान झोतात ठेवावे लागतात आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. हैदराबादच्या डीआरडीएल प्रयोगशाळेने एप्रिल २०२५मध्ये स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष १००० सेकंदांहून अधिक काळ जमिनीवर चालविला, ती चाचणी पहिल्या प्रकारची, थेट जोडणीची होती. कामगिरी मोठीच, पण बातम्यांत ‘इंजिनाची चाचणी’ असे सरसकट म्हटले गेले, तेव्हा हा भेद पुसला गेला.

‘कावेरी’ची कहाणी या सोयीच्या अभावाशी बांधलेली आहे. तेजस विमानासाठी हे इंजिन विकसित करण्याचा प्रकल्प १९८९मध्ये बंगळुरूच्या जीटीआरई या संस्थेकडे आला. तरतूद होती ३८२.८१ कोटी रुपयांची. इंजिन जमिनीवर चालू लागले; पण उच्च उंचीच्या चाचणीसाठी ते रशियाला न्यावे लागले आणि २००४मध्ये तेथे ते अपयशी ठरले. एखादा बदल करावा, इंजिन पेटीत घालून हजारो किलोमीटर धाडावे, तेथल्या वेळापत्रकात जागा मिळेपर्यंत थांबावे, निकाल घेऊन परतावे, असा हा क्रम. बदल आणि चाचणी यांतले अंतर दिवसांऐवजी महिन्यांचे झाले, तर शिकण्याचा वेग तेवढाच मंदावतो. अन्य कारणेही होती, आणि धातुशास्त्राचे कारण बहुधा त्याहून मोठे होते. परंतु चाचणीच्या सोयीकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही. २००८मध्ये ‘कावेरी’ला तेजसपासून वेगळे करण्यात आले. महालेखापरीक्षकांच्या २०१०-११च्या अहवालाने खर्चात ६४२ टक्के वाढ आणि सुमारे १३ वर्षांचा विलंब नोंदविला. त्याच सुमारास, ३ नोव्हेंबर २०१० रोजी, मॉस्कोजवळील ग्रोमोव्ह संस्थेत आयएल-७६ विमानाच्या पंखाखाली बसविलेले ‘कावेरी’ प्रथमच आकाशात चालले.

या इंजिनाची आफ्टरबर्नर नसलेली आवृत्ती वैमानिकरहित विमानासाठी पुढे विकसित करण्यात आली. तिची काही मॉड्यूल तयार करण्याचे काम विक्रोळीच्या गोदरेज कंपनीला २०२२मध्ये मिळाले. ‘विकास’ इंजिने घडविणारे हात तेच. या आवृत्तीच्या चाचण्यांसाठीही २०२५पर्यंत रशियाचीच वाट धरावी लागली. ऑगस्ट २०२५मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर भारतात लढाऊ विमानाचे इंजिन तयार करण्याच्या दिशेने पावले पडत असल्याचे जाहीर केले. या सहकार्यात इंजिनाच्या आराखड्याबरोबर चाचणीची साधनेही देशात उभी राहतात की नाही, हा तपशील रेट्याच्या आकड्यांइतकाच पाहण्याजोगा आहे.

महेंद्रगिरीने काय केले

अग्निबाणाच्या बाजूला चित्र निराळे आहे. फ्रान्सशी १९७४मध्ये झालेल्या करारातून ‘विकास’चे तंत्रज्ञान आले. देशात घडविलेल्या इंजिनाची पहिली मोठी चाचणी १९८५मध्ये फ्रान्समध्येच झाली. मात्र त्यानंतर महेंद्रगिरीला चौथरे उभे राहिले आणि परदेशी जाण्याची गरज उरली नाही. गगनयान मोहिमेच्या तयारीत १४ जुलै २०२१ रोजी ‘विकास’ तेथे सलग २४० सेकंद चालविण्यात आले. १७ जानेवारी २०२५च्या चाचणीत ते ६० सेकंद चालवून बंद केले, १२० सेकंदांनी पुन्हा पेटविले आणि ७ सेकंद चालविले.

नोझलची खरी कसोटी लागली ती सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनात. पोकळीत काम करण्यासाठी त्याचे नोझल इतके पसरट आहे, की त्याच्या कडेशी झोताचा दाब अवघा ५० मिलिबार उरतो. बाहेर समुद्रसपाटीची हवा त्याच्या वीसपट दाबाने उभी. ती नोझलच्या कडेने आत घुसते, झोत भिंतीपासून सुटतो आणि तोही सर्व बाजूंनी सारखा नाही. नोझल हादरते, काही जागी अवाजवी तापते. यावर सरळ उपाय म्हणजे इंजिन निर्वात कक्षात पेटविणे. महेंद्रगिरीला तशी सोय आहे आणि ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथे या इंजिनाची निर्वात प्रज्वलन चाचणी झाली. पण ती व्यवस्था गुंतागुंतीची आहे. म्हणून ‘इस्रो’ने नोझलला संरक्षण देणारी वेगळी यंत्रणा बनविली आणि २९ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण आकाराच्या नोझलसह सीई-२० समुद्रसपाटीच्या दाबातच चालवून दाखविले.

या सगळ्या खटाटोपाचा एक भार रसायनीकडेही आहे. नायट्रोजन टेट्रॉक्साइड २१ अंशांनाच उकळते. कोकणात म्हणजे ते वर्षभर दाबाखाली आणि बंदिस्त ठेवावे लागते, आणि गळले तर तांबूस-तपकिरी विषारी धूर होतो. नायट्रिक आम्लही याच घराण्यातले. डिसेंबर २०१८मध्ये एचओसीच्या परिसरात झालेल्या वायुगळतीत अनेक माकडे आणि पक्षी मृत्युमुखी पडले, तेव्हा पाताळगंगेच्या दोन्ही काठांवरील गावांत भीतीचे वातावरण पसरले होते. महेंद्रगिरीत एक इंजिन काही मिनिटे चालते, तेव्हा असे रसायन टनांच्या हिशेबाने जळते.